उन्हाळी पिकांचे पाणी ठरवताना पानाची पारख

एप्रिल आणि मे महिन्यांत मुरबाड, शहापूर व भिवंडी भागात ऊन तापले की दुधी, काकडी आणि कारल्याचे वेल दुपारी मान टाकतात आणि ते पाहून लगेच पाणी सोडले जाते. ही घाई टाळावी. पाण्याचा निर्णय दुपारच्या नव्हे, तर सूर्योदयाच्या वेळच्या पानावरून घ्यावा.

मुळांनी शोषलेल्या पाण्याचा बहुतांश भाग पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन निघून जातो, आणि १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना पानातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडत असल्याने पान करपत नाही. दुधीचे रुंद, पातळ पान जवळजवळ पूर्णपणे याच गारव्यावर तगते. दुपारी दोनच्या सुमारास त्याला तळहाताची पालथी बाजू लावून पाहावी. मुळाशी वाफसा, म्हणजे पुरेशी ओल आणि हवा, असेल तर उन्हातले पानही गार लागते; ओल संपली की रंध्रे मिटतात आणि तेच पान गरम लागते. मान टाकलेले परंतु गार असलेले पान तहानलेले नसते, कारण पानांतून जाणारे पाणी मुळांच्या उपशापेक्षा काही तास जास्त असते, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि सायंकाळी वेल आपोआप सावरतो. अशा वेळी भातखाचराच्या भारी जमिनीत पुन्हा पाणी तुंबवल्यास मुळांना हवा मिळत नाही व वेल खरोखरच कोमेजतो. पहाटेही पाने लोंबलेली दिसली तर मात्र विनाविलंब पाणी द्यावे.

मका रंध्रे कमी उघडूनही अन्न तयार करू शकतो, म्हणून तेवढ्याच वाढीसाठी त्याला भातापेक्षा कमी पाणी पुरते; तथापि तुरा व कणसे निघताना पाण्याचा ताण पडू देऊ नये.

ड्रॅगन फ्रूटची रीत निराळी आहे. त्याची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे पाणी वाचते, पण दिवसा बाष्पाचा गारवा मिळत नसल्याने जाड खोड तापून पिवळे पडते व त्यावर भाजल्यासारखे डाग येतात. यावर जास्त पाणी हा उपाय नाही, त्याने खोड कुजते. पश्चिमेच्या बाजूने शेडनेट बांधावे.

खाडीलगतच्या ठाणे व बेलापूर पट्ट्यात हवा दमट असल्याने मुबलक पाणी असूनही वाफ कमी होते आणि पान पुरेसे थंड होत नाही, म्हणून तेथे वेलांची दाटी कमी करून वारा खेळता ठेवणे जास्त उपयोगी ठरते. नवी मुंबईतील गच्चीवर काळ्या कुंड्या प्रथम मुळे तापवतात. त्या गोणपाटाने झाकाव्यात, विटांवर ठेवाव्यात आणि मातीवर भाताच्या पेंढ्याचे दोन बोटे जाड आच्छादन खोडापासून थोडे दूर पसरावे.