बर्फाच्या बाटल्या टाकण्याआधी टाकीतल्या मोटरी मोजा: नागपूरच्या उन्हाळ्यातलं फिश टँक

मे महिना लागला की आमच्या नागपुरात सगळ्यांचं एकच सुरू होतं, कूलरची खस बदला, माठ भरा, आणि ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे ते बर्फाच्या बाटल्या टाकत बसतात. मी पण दोन उन्हाळे टाकल्या. मग एकदा कागद घेऊन हिशोब केला तेव्हा समजलं का मी दिवसभर वरून थंड करून राहिलो आणि टाकीतल्याच मोटरी खालून गरम करून राहिल्या.

हिशोब सोपा आहे, शाळेतलाच. १०० लिटर पाणी १ डिग्री वर न्यायला साधारण ११६ वॉट-तास लागतात. आता पाण्यात बुडवलेला पंप जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी शेवटी त्याच पाण्यात गरमी होऊन उतरते, पाणी फिरवायला जी लागली ती पण, दुसरीकडे जायला जागाच नाही तिला. माझ्याकडे तेव्हा २५ वॉटचा पॉवर फिल्टर (पाण्यात बुडवलेल्या मोटरने पाणी ओढून गाळणारा), १२ वॉटचा शोभेचा धबधबा (पोट्ट्यांच्या हट्टापायी) आणि ९ वॉटची यूव्ही (शेवाळाचं हिरवं पाणी साफ करणारा अतिनील दिवा) होती. झाले ४६ वॉट. चोवीस तासांचे ११०० च्या वर वॉट-तास, म्हणजे गरमी बाहेर गेलीच नाही असं धरलं तर दिवसाला साडेनऊ डिग्री! ती जाते अर्थात, काचेतून जाते, वाफेतून जाते, म्हणून पाणी उकळत नाही, पण टाकी खोलीपेक्षा गरमच राहते. आणि लिटरभराची गोठवलेली बाटली? १०० लिटरला जेमतेम १ डिग्री, थोडी जास्त. तेवढी थंडी या तीन वस्तू तीन तासांच्या आत खाऊन टाकतात.

म्हणून पहिले सगळ्या वस्तूंच्या मागचे वॉट वाचा आणि लिहून काढा. छापील आकडा पुसला असेल तर प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मिळतं. मग तीन-चार दिवस टाकीचं आणि खोलीचं दोन्ही तापमान लिहा, सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री दहा. माझं कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलेलं आहे, सकाळी सहा वाजता खोली २९ आणि टाकी ३१.५. पहाटेला तर ऊन नव्हतं ना भाऊ, मग ते अडीच डिग्री आले कुठून? खोली रात्रभर उतरते तशी टाकी पण हळूहळू उतरते, थोडा फरक त्याचा असेलच, पण पंखा नसताना रोज एवढा फरक दिसला तर आपल्याच सामानावर संशय घ्या.

काढायला सगळ्यात सोपं हीटर. काऊन म्हणाल तर त्याचा थर्मोस्टॅट कधी अडकून बसला तर भर मे मध्ये पण चालू राहतो, आणि पाण्यात असल्यामुळे कोणाला दिसत नाही. प्लग काढा, थंड होऊ द्या, मगच बाहेर काढा, नाहीतर काच तडकते. यूव्ही पाणी हिरवं झालं तरच लावा, रोज कायले पाहिजे. धबधबा मी बंद केला, घरात दोन दिवस तोंडं फुगलेली होती.

फिल्टर मात्र बंद करायचा नाही. त्याच्या स्पंजमध्ये माशांची घाण पचवणारे जे बॅक्टेरिया असतात ते पाणी फिरणं थांबलं की ऑक्सिजनविना मरतात आणि मग त्या घाणीतला विषारी अमोनिया वाढतो. बदलायचा असेल तर एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर घ्या, एअर पंप ४-५ वॉटचा असतो आणि त्याची मोटर पाण्याच्या बाहेर राहते, पण तो जुन्या फिल्टरच्या बाजूला महिनाभर चालवा आणि मगच जुना काढा. हे काम फेब्रुवारी-मार्चमधलं आहे, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्यावर करायचं नाही. मोठे मासे असतील, घाण जास्त असेल तर एकटा स्पंज पुरत नाही, तिथे पॉवर फिल्टर राहू द्या फक्त रोटर (मोटरचा फिरणारा भाग) दर पंधरा दिवसांनी काढून घासा, शेवाळ अडकलं की मोटर वीज खातच राहते आणि पाणी काही फिरत नाही. बाहेरच्या कॅनिस्टरवाल्यांनी (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) पण फार खूश होऊ नका, पुष्कळ मॉडेलमध्ये आतून जाणारं पाणीच मोटरला गार करतं, म्हणजे गरमी फिरून टाकीतच.

लाईटचा किस्सा सांगतो. एका रात्री अकराला टाकीचं झाकण उचललं तर हाताला चटकाच बसला. पाहतो तर काय, एलईडी बसवणाऱ्याने अडॅप्टर झाकणाच्या आत, काळ्या टेपने, पट्टीच्या डोक्यावर चिकटवलेला. टेपचा डिंक वितळून काचेवर ओघळ आलेले. खाली बंद झाकण, आत वाफ, वरून हा अडॅप्टर. तो काढून भिंतीवर नेला, झाकणाला मागून दोन बोटांची फट ठेवली, आणि लाईटची वेळ संध्याकाळी सहा ते अकरा केली. दुपारी टाकी तशीच तापलेली असते, तेव्हा वरून लाईट नको. जुन्या ट्यूबवाल्या झाकणात चोक असतो, तो पण बाहेर काढून घ्या, वायरिंगवाल्याकडूनच.

टाकीच्या आजूबाजूला पण पाहा. पुष्कळ घरात टाकीच्या खालच्या कपाटात इन्व्हर्टर आणि बॅटरी ठेवलेली असते. लाईट येऊन-जाऊन करते तेव्हा इन्व्हर्टर चार्जिंगला लागतो आणि कपाट तापतं, ती गरमी वर टाकीच्या बुडाला. वरून पाणी आणि खाली वीज, ते तर आणखीच वाईट. फ्रिजची मागची बाजू, पश्चिमेची भिंत, स्लॅबखालची खोली, हे सगळं तसंच.

एवढं झाल्यावर पंखा. १ लिटर पाणी उडून जाताना ६७५ च्या आसपास वॉट-तास गरमी घेऊन जातं, १०० लिटरच्या टाकीला ते पावणेसहा डिग्रीचं काम आहे. माझ्या त्या ४६ वॉटसाठी दीड लिटरच्या वर पाणी रोज उडावं लागत होतं, नुसतं बरोबरीत यायला. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे हे नशीब, २३ मे २०१३ ला ४७.९ पर्यंत पारा गेलेलं हे शहर, पण हवा सुकी असल्यामुळे पंखा जोरात काम करतो. कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे घ्या, २-३ वॉटचे, पाण्यावरून तिरपा वारा जाईल असे काठावर लावा. २३० व्होल्टचा टेबल फॅन टाकीच्या काठावर टांगू नका. कूलरचा करंट काय असतो ते विदर्भात सांगायला नको. सगळ्या वायरी प्लगच्या खाली लोंबू द्या म्हणजे पाणी ओघळून प्लगमध्ये जात नाही, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि हात घालण्याआधी मेन बंद.

खोलीत कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी पाहिजे. बंद खोलीत कूलर चालवला की दमट होतं आणि मग टाकीवरचा पंखा नुसता फिरतो, पाणी काही उडत नाही. कूलरच्या पाण्यात फिनाईल-बिनाईल टाकत असाल तर झोत टाकीवर सरळ नको. उडालेलं पाणी रोज भरा, शक्यतो आरओचं, कारण क्षार खालीच राहतात आणि पाणी जड होत जातं. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी तर चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, बादली आदल्या रात्री भरून ठेवा.

चिलर (टाकीचं पाणी थंड करायचं मशीन) घ्यायचाच असेल तर त्याची गरमी कुठे जाते ते आधी ठरवा. तो टाकीतून काढलेली आणि स्वतः खाल्लेल्या विजेची अशी दोन्ही गरमी मागून बाहेर फेकतो. एका मित्राने शोभेसाठी कपाटात दार लावून ठेवला, आपलीच गरम हवा परत ओढून मशीन ट्रिप व्हायचं आणि टाकी ३३ वर. शेवटी मागचा प्लायवूड कापला, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडली, तेव्हा २७ ला आली. चिलरला पाणी पुरवणारा पंप पण वॉट बघूनच घ्या, थंड करायला ४० वॉट आत ओतू नका.

गोल्डफिशवाल्यांना हे जास्त लागतं, त्यांना २० च्या आसपास आवडतं, गप्पी २८ पर्यंत मजेत असतात. मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घेत असतील तर पहिले हवा वाढवा, कारण २५ डिग्रीला पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन मावतो आणि ३२ ला ७.३, आणि माशांची गरज नेमकी तेव्हाच वाढलेली असते. बाटली टाकायची वेळ आलीच तर एका वेळी एकच, तासाभराने थर्मामीटर पाहून दुसरी.

आता माझ्या टाकीत स्पंज फिल्टर, दोन पंखे आणि संध्याकाळचा लाईट एवढंच आहे. यंदा नवतप्यात दुपारी तीनला खोली ३४ आणि टाकी २९ होती. जूनमध्ये पाऊस लागला की हवा दमट होते आणि पंख्याचं काम अर्ध्यावर येतं, म्हणून यूव्ही आणि धबधबा मी अजून डब्यातच ठेवलेत. पोट्टे रोज विचारतात, दिवाळीनंतर पाहू म्हणतो.