वर्गमित्राचा आत्मपर लेख वाचून काय सांगावं?

वर्गात एकमेकांचे लेख वाचायचं ठरलं की दोनच प्रकारचे शेरे येतात. एक 'मस्त लिहिलंयस', नाहीतर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची यादी. लिहिणाऱ्याला खरं हवं असतं ते वेगळंच: वाचताना तुम्ही कुठे रमलात, कुठे अडलात.

म्हणून पहिल्यांदा हातात काही न घेता लेख शेवटपर्यंत वाचा. दुसऱ्या वेळी पेन्सिल घ्या (लाल पेन नको, त्याने वही तपासल्यासारखं वाटतं). चित्र डोळ्यांसमोर आलं तिथे समासात उभी रेघ ओढा, समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. आणि लेखक काही सांगता सांगता थांबला असं वाटलं तिथे गोल करा. माझ्या मते हा गोलच सगळ्यात मोलाचा.

समजा, मैत्रिणीने आजीवर लिहिलंय. 'आजी खूप प्रेमळ होती' हे कुणाच्याही आजीबद्दल लिहिता येईल. पण पुढे एका ओळीत येतं, की आजी गरम भाकरीचा पापुद्रा काढून आधी नातीच्या ताटात ठेवायची. तिला सांगा, 'पापुद्र्यापाशी मला आजी दिसली. तेव्हा ती काय बोलायची, ते वाचायला आवडेल.' एवढं ऐकलं की 'प्रेमळ'चं काय करायचं ते तिचं तिला कळतं. मात्र तिच्यासाठी वाक्य रचून देऊ नका, कितीही सुचलं तरी. आजी तिची आहे.

ही आजी वऱ्हाडी बोलत असेल, तर तिचं 'काहून' खोडून 'का' करू नका. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतसुद्धा कुणाचं बोलणं जसंच्या तसं देताना 'असं', 'केलं' ही बोलण्यातली रूपं मान्य आहेत. बाकीचं शुद्धलेखन शेवटी, वेगळ्या कागदावर.

घरातली भांडणं, आजारपण, वडिलांचं दारू पिणं असंही लेखात येतं. 'तू वडिलांना असं बोलायला नको होतंस' हा शेरा लेखावर नाही, माणसावर आहे, तो टाळा. वाचलेलं वर्गाबाहेर नेऊ नका. मित्र आजही त्या त्रासात आहे असं जाणवलं, तर लेख बाजूला ठेवून आधी त्याची विचारपूस करा, आणि भरवशाच्या शिक्षकांशी बोलायला त्याच्यासोबत जा.

लेख परत देताना नुसता कागद सरकवू नका. शेजारी बसा, आणि तुमच्या खुणा दाखवण्याआधी विचारा, 'लिहिताना तुला कुठे अडलं?'