घरात लव्हबर्ड असतील तर नॉनस्टिक तवा असा वापरा

नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या लेपातून विषारी वायू निघतो. आपल्याला कदाचित वासही येणार नाही, पण लव्हबर्ड, बजरीगर काही मिनिटांत दगावू शकतात.

१. पिंजरा स्वयंपाकघरापासून सर्वांत लांबच्या खोलीत ठेवा. स्वयंपाक होईपर्यंत त्या खोलीचं दार बंद, खिडकी उघडी.

२. रिकामा तवा गॅसवर ठेवून कांदा चिरायला बसू नका. आधी पीठ, कांदा, तेल सगळं हाताशी घ्या, मग गॅस पेटवा. आच मध्यमच. लेप साधारण २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथवर चटकन पोचतो.

३. एक्झॉस्ट फॅन आधीपासून चालू ठेवा. मात्र नुसत्या फॅनच्या भरवशावर राहू नका.

घावन-डोशांना मी आता बिडाचा तवाच काढते. पहिले दोन चिकटतात, चालायचंच!

सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, इस्त्री यांनाही बऱ्याचदा हाच लेप असतो, त्यामुळे तीही पिंजऱ्याजवळ नकोत. पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला तर गॅस बंद करा, पिंजरा मोकळ्या हवेत न्या आणि लगेच पशुवैद्यांना गाठा.