'एन्डोर्स' वापरताना या चुका टाळा

इंग्रजी निबंध तपासताना मला हमखास भेटणारं एक वाक्य आहे: 'माय पेरेंट्स एन्डोर्स माय एज्युकेशन.' लिहिणाऱ्या मुलाला म्हणायचं असतं की आईवडील माझ्या शिक्षणाचा भार उचलतात. वाचणाऱ्याला मात्र कळतं की आईवडिलांनी त्याच्या शिक्षणाला जाहीर मान्यता दिली आहे. शब्दकोशात 'पाठिंबा देणे' एवढंच पाहून शब्द उचलला की असं होतं.

फी भरणं, आजारपणात उशाशी बसणं, छताला खांब देणं, या सगळ्याला 'सपोर्ट' चालतो. 'एन्डोर्स'ला जास्तीची अट आहे: आपलं नाव पुढे करून, चारचौघांत 'हे मला मान्य आहे' असं सांगणं. संघटना उमेदवाराला एन्डोर्स करते, समिती प्रस्तावाला, क्रिकेटपटू बुटांना. म्हणूनच त्यात जबाबदारीही येते. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात एन्डोर्स करणाऱ्याला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत.

हा अर्थ आला कुठून? लॅटिनमध्ये 'डॉर्सम' म्हणजे पाठ. कागदाच्या पाठीवर सही करायची, ते एन्डोर्स. बँकेच्या मराठीत त्याला पृष्ठांकन म्हणतात आणि पृष्ठ म्हणजेही पाठच. आपले पाठबळ, पाठराखण, पाठिंबा हे शब्दही त्याच पाठीतून आलेले. शब्द डोक्यात पक्का बसवायला याहून चांगली खूण मला सापडलेली नाही: सही करून पाठीशी उभं राहणं.

सगळ्यात चिवट चूक आपल्या 'ला'मुळे होते. आपण उमेदवाराला पाठिंबा देतो, म्हणून इंग्रजीतही 'टू' घुसतो: 'द युनियन एन्डोर्स्ड टू द कँडिडेट.' हा 'टू' सरळ खोडा. 'द युनियन एन्डोर्स्ड द कँडिडेट' एवढंच पुरे. 'सपोर्ट'चंही तेच, 'आय सपोर्ट टू यू' चूक, 'आय सपोर्ट यू' बरोबर. नाम वापरलं तर मात्र 'ऑफ' लागतो: 'देअर एन्डोर्समेंट ऑफ द प्लॅन.'

पण प्रत्येक 'टू' खोडत सुटू नका. 'ही एन्डोर्स्ड द चेक टू हिज ब्रदर' हे बरोबर आहे, कारण तिथे एन्डोर्स होतो तो चेक; भाऊ म्हणजे तो ज्याच्या नावे केला तो. (मागे नुसती सही करून नाव लिहिलं नाही, तर ते कोरं पृष्ठांकन. तसा चेक हरवला तर ताप होतो, तेव्हा नाव लिहाच.) चेकसंबंधीच्या 1881 च्या कायद्यात या शब्दाचं पहिलं अक्षर 'ई' नसून 'आय' दिसेल. ते जुनं स्पेलिंग आहे, चूक नव्हे. आज लिहिताना 'ई'च लिहा.

'द डॉक्टर एन्डोर्स्ड दॅट आय शुड रेस्ट' हेही टाळा. 'एन्डोर्स'नंतर 'दॅट' जोडून अख्खं वाक्य येत नाही, नाम येतं. डॉक्टरांनी सल्ला दिला असेल तर 'ॲडव्हाइज्ड' म्हणा. तुम्ही आधीच ठरवलं होतं आणि डॉक्टरांनी त्याला दुजोरा दिला, तर 'एन्डोर्स्ड माय डिसिजन' शोभेल.

नोकरीनिमित्त ब्रिटनला जाणाऱ्यांनी आणखी एक अर्थ आधीच माहीत करून घ्यावा. तिथे ड्रायव्हिंग लायसन्सवरची एन्डोर्समेंट म्हणजे गुन्ह्याची नोंद. वेगमर्यादा मोडली की दंडाचे पॉइंट चढतात आणि ती नोंद गुन्ह्यानुसार 4 किंवा 11 वर्षं राहते. गाडीच्या विम्याच्या अर्जात 'एनी एन्डोर्समेंट्स?' असं विचारलं, तर ती शिफारस समजून 'येस' लिहू नका. लायसन्स स्वच्छ असेल तर उत्तर 'नन'.