जुनं पिस्तूल उघडण्याआधी

माझ्याकडे दुरुस्तीला येणारी जुनी पिस्तुलं दोन जातींची असतात. काही खरोखर बिघडलेली असतात. काही धडधाकट होती, पण मालकाला ‘आतून जरा साफ करून घेऊ’ असं वाटलं, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतून सुटी होऊन येतात. या दुसऱ्या जातीबरोबर येणारं वाक्यही ठरलेलं: “सगळं आहे यात, एक बारीक स्प्रिंग तेवढी सापडत नाहीये.” ती बारीक स्प्रिंग बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला असतो. अशा पिशव्या कमी याव्यात, एवढाच हे लिहिण्यामागचा माझा स्वार्थ.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: उघडायचं किती? बहुतेक पिस्तुलं सफाईसाठी तीन-चार मोठ्या भागांत सुटी होतात. स्लाइड म्हणजे वरचा सरकणारा भाग, नळी, स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग, खालचा सांगाडा. सैनिकाला मैदानात अवजाराशिवाय जमेल इतकंच हे काम असतं. त्यापुढे चाप, ठोका देणारा हॅमर, तो ठोका अडवून धरणारा सीअर, सेफ्टी हा प्रांत लागतो, आणि तिथे नेहमीच्या सफाईला काहीही काम नसतं. चिकट झालेलं जुनं तेल तिथे साचलं असेल तर मुठीवरच्या ग्रिप काढून योग्य द्रावणाने धुता येतं. सीअर बाहेर काढावा लागत नाही. माझ्याकडे आलेल्या पिशव्यांतलं बहुतेक नुकसान या रेषेपलीकडचंच असतं. पिस्तूल परवान्यात बसतं की नाही, हेही हात लावण्याआधीच बघा. ‘शोभेचं आहे’ हे उत्तर कायद्यापुढे चालेलच असं नाही.

आता रिकामं करणं. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची नळीमागची जागा, बघा, आणि बघून झालं की करंगळी घालून चाचपा. क्रम उलटा केला, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढून सोडली, तर चेंबरमध्ये नवं काडतूस आपणच भरलेलं असतं. जुन्या काडतुसावर गंज चढून ते चेंबरला चिकटून बसतं, काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याची, एक्स्ट्रॅक्टरची, कड झिजलेली असेल तर ते बाहेर येतच नाही, आणि अंधारात चेंबर रिकामं दिसतं. जर्मन सैन्याने 1908 साली घेतलेल्या लुगर पी-08 मध्ये चेंबर भरलेलं असलं की एक्स्ट्रॅक्टर थोडा वर उचलला जातो आणि त्याच्या बाजूवर ‘गेलाडेन’, म्हणजे भरलेलं, असं कोरलेलं दिसतं. सोय छान आहे. पण ती खूण दिसत नाही म्हणून चेंबर रिकामं, असं मी कधीच धरत नाही.

लुगरची दुसरी गोष्ट तर नवख्याला पटतच नाही. तिची सीअरची पट्टी सांगाड्यात नसते, नळीबरोबरच्या वरच्या भागावर डाव्या बाजूला असते. म्हणजे वरचा भाग सांगाड्यातून काढून हातात घेतला, चेंबरमध्ये काडतूस आहे, काडतुसावर आपटणारी आतली फायरिंग पिन ताणलेली आहे, आणि अंगठा त्या पट्टीवर दाबला गेला, तर गोळी सुटते. चाप तर दूर टेबलावर पडलेला असतो! जपानच्या टाइप 94 मध्येही अशीच पट्टी डाव्या बाजूला उघडी असते. पिस्तूल जोडलेलं असतानासुद्धा ती दाबली की ते सुटू शकतं. ‘चापाला हात लावला नाही म्हणजे सुरक्षित’ हा नियम जुन्या पिस्तुलांनी ऐकलेला नाही.

तोंडाने भरायची पिस्तुलं, गारगोटीची असोत की टोपीची, यांची परीक्षा वेगळी. लाकडी काठी नळीत तळापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. खूण तोंडाशी धरल्यावर काठीचं दुसरं टोक ठिणगी आत जाते त्या कानाच्या भोकाशी किंवा टोपी बसवायच्या निपलच्या जागेशी पोचायला हवं. चांगलं अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेल्या पिस्तुलात भरलेली दारू आणि शिशाची गोळी तशीच सापडते. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. ती ड्रिलने उकरायची नाही, नळी गरम करायची नाही, निपल पान्याने हिसकायचं नाही. तसंच गुंडाळून जाणत्याकडे.

अवजारांबद्दल मी जरा जास्तच बोलतो, असं लोक म्हणतात. बोलतो. घरातला साधा स्क्रूड्रायव्हर टोकाकडे पाचरीसारखा निमुळता होत जातो. स्क्रूच्या खाचेत तो फक्त वरच्या कडांना टेकतो. जोर लावला की वर चढतो, खाच फाडतो आणि शेजारच्या पोलादावर लांबलचक पांढरी रेघ मारतो. त्या काळच्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असायच्या, त्यामुळे नेहमीचं पातं बसलंच तर एका कोपऱ्यात बसतं. बंदूककामाच्या पात्याच्या बाजू समांतर असतात. पात्याची जाडी खाचेइतकी आणि रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी हवी. जास्त नको, नाहीतर भोवतालचं पोलाद खरवडतं. नेमकं पातं नसेल तर स्क्रूला हात लावू नका.

स्क्रू हलत नसेल तर भेदक तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. घाईला माझ्याकडे औषध नाही. पिना काढताना खिळा वापरणारे भेटतात. खिळ्याने पिनेचं टोक छत्रीसारखं पसरतं, मग ती भोकातून पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. पितळी पंच घ्या, खाली भोक असलेला ठोकळा ठेवा, आणि त्याआधी पिन कोणत्या बाजूने निघते ते त्या मॉडेलच्या आराखड्यात बघा. काही पिना एका बाजूला किंचित जाड असतात. उलट ठोकली की पाचर बसते.

स्प्रिंग म्हटलं की मी चष्मा चढवतो. ब्राउनिंगच्या एफएन 1910 मध्ये रिकॉइल स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली असते आणि पुढच्या टोकाची खरखरीत कडी तिला दाबून धरते. 1914 साली सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर झाडलेलं पिस्तूल याच मॉडेलचं. कडी फिरवून सोडताना अंगठा सरकला की कडी आणि स्प्रिंग दोन्ही सरळ समोर सुटतात, आणि समोर बहुधा तुमचा चेहरा असतो. कोल्ट 1911 मध्येही नळीखालचा प्लग असाच उडतो. वॉल्थर पी-38 च्या स्लाइडवरची पातळ पत्र्याची टोपी उचकटली तर तिच्याखालचे बारकावे खोलीभर विखुरतात. मोठी पारदर्शक पिशवी घेऊन तिच्यात दोन्ही हात घालून काम करा. उडालेला भाग पिशवीतच पडतो. डोळ्यांना मात्र चष्मा हवाच.

जुन्या पिस्तुलांतली पट्टीची, इंग्रजी व्ही अक्षरासारखी स्प्रिंग आणखी नाठाळ. ती कार्बन पोलादाची असते. पक्कड लावून दाबली की कडकन तुटते. तिच्यासाठी खास क्लॅम्प असतो, आणि तो नसेल तर ती जागची हलवू नये.

माउझर सी-96 वर मात्र माझा जीव आहे. ग्रिपचा एक स्क्रू सोडला तर बाकी सगळे भाग एकमेकांत अडकवून बसवलेले, चिनी कोड्यासारखे. सुटं करताना सोपं वाटतं, कारण भाग आपोआप बाहेर येतात. जोडताना क्रम चुकला की एखादा भाग ‘जवळजवळ’ बसतो, आणि मग हातोडी आठवते. इथे हातोडीचं काम नाही. जे हाताने बसत नाही, ते चुकीच्या जागी आहे. म्हणून प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर फोटो, आणि मऊ कापडावर काढल्या क्रमाने ओळीत मांडणी.

लुगर जोडताना मागच्या टोगलला, म्हणजे गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याला, लटकणारी छोटी कडी सांगाड्यातल्या मुख्य स्प्रिंगच्या आकड्यासमोर पडायला हवी. ती मागे राहिली तर पिस्तूल जोडलेलं दिसतं, पण टोगलला मागून काही जोर मिळत नाही. यावर उपाय साधा आहे: पिस्तूल उलटं धरून वरचा भाग सरकवा, कडी आपल्या वजनाने जागेवर लोंबते. लुगरच्या डाव्या ग्रिपचा सेफ्टीजवळचा कोपरा फार नाजूक असतो. स्क्रू काढून ती ओढली की टवका उडतो.

भाव जाणणारे लोक लुगर हातात घेतली की आधी छोट्या भागांवरचे आकडे बघतात. अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे या भागांवर मारलेले असतात. दोन पिस्तुलं एकत्र सुटी करून भाग मिसळले तर दोन्हींची किंमत पडते. एका वेळी एकच. आणि चकचकीत करण्याचा मोह आवरा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, गंज काढायचं आम्ल, यांनी मूळ निळसर लेप जातो, तो परत येत नाही. निकेल चढवलेल्या पिस्तुलाला अमोनिया असलेलं द्रावण लावू नका; निकेलखाली अनेकदा तांब्याचा थर असतो, अमोनिया तो खातो आणि वरचं निकेल पापुद्र्यासारखं सुटतं.

जोडून झालं की रिकाम्या पिस्तुलावर तपासणी करा. बाहेर हॅमर असलेल्या नेहमीच्या स्वयंचलित पिस्तुलात सेफ्टी लावून चाप दाबला तर हॅमर पडू नये. सेफ्टी काढून चाप दाबा, हॅमर पडू द्या. मग चाप दाबलेलाच ठेवून स्लाइड ओढा आणि हळू पुढे सोडा, हॅमर मागेच थांबला पाहिजे. पुन्हा पुन्हा रिकामा चाप ओढायचा असेल तर चेंबरमध्ये सरावाचं नकली काडतूस घाला, कारण जुन्या फायरिंग पिना ठिसूळ असतात. आणि 1911 ची स्लाइड काढलेली असताना हॅमर मोकळा सांगाड्यावर आपटू देऊ नका. यातली एक जरी चाचणी नापास झाली, तर चाप-कड्याला लाल चिठ्ठी बांधा, ‘सदोष’ लिहा, आणि काडतुसं दुसऱ्या कपाटात ठेवा.