परवान्याचं पिस्तूल घेताय? या चुका टाळा

शस्त्र परवाना मंजूर झाला की लोक यूट्यूबवरचे अमेरिकी व्हिडिओ बघायला बसतात आणि मग दुकानात येऊन ग्लॉक १९ किंवा सिग पी३६५ मागतात. ही दोन्ही ९ मिलिमीटरची. आपल्याकडे ९ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे आणि जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्तांकडून मिळणाऱ्या एनपीबी, म्हणजे अप्रतिबंधित बोअरच्या, परवान्यावर तो घेता येत नाही. सामान्य माणसाला रोज कमरेला लावायचं तर व्यवहारात ०.३२ बोअरचं पिस्तूलच उरतं. ०.२५ गोळी फारच दुबळी. ०.२२ सरावाला छान आणि स्वस्त, पण त्याची काडतुसं रिमफायर (ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असलेली) असल्यामुळे न फुटण्याचं प्रमाण जास्त, म्हणून स्वसंरक्षणासाठी ते नकोच.

दुकानात पाऊल ठेवण्याआधी आणखी एक गोंधळ निस्तरा. ०.३२ पिस्तूल आणि ०.३२ रिव्हॉल्व्हर यांची काडतुसं वेगळी असतात. पिस्तुलात ०.३२ एसीपी लागतं. आयुध निर्माणीच्या निर्भीकसारख्या रिव्हॉल्व्हरला लागतं ते ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग, आणि त्याच्या बुडाची कड जास्त रुंद असते. दुकानदाराने ‘बत्तीसच्या गोळ्या’ म्हणून काढून दिलेला डबा न वाचता घरी आणणारे दरवर्षी भेटतात.

विदेशी म्हणजे भरवशाचं, हा समज

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकांसाठी शस्त्रांची आयात बंद आहे. म्हणजे बाजारात दिसणारं विदेशी बनावटीचं वॉल्थर पीपी, एफएन १९१०, सीझेड २७ किंवा वेब्ली कमीत कमी चाळीस वर्षं जुनं असतं, बरीचशी ऐंशी-नव्वद वर्षांची. त्यासाठी लोक लाखो रुपये मोजतात आणि ‘जर्मन आहे’ एवढ्यावर खूश होतात. जर्मन होतं, खरंच. पण स्प्रिंग कुठल्याही देशाची असली तरी थकते, आणि मूळ सुटे भाग आता मिळत नाहीत. आयुध निर्माणीचं अशनी दिसायला ओबडधोबड आणि चाप जड असला, तरी नवं आणि नीट चालणारं अशनी हे झिजलेल्या वॉल्थरपेक्षा रोजच्या वापराला कधीही बरं.

जुनंच घ्यायचं असेल तर दुकानातच तपासा. आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. नळीत उजेड पाडून पाहा. आत एखादी काळी अंगठीसारखी रेघ दिसली तर कधीतरी नळी फुगलेली आहे, तिथेच सौदा थांबवा. फ्रेम, स्लाइड आणि नळीवरचे नंबर एकमेकांशी आणि कागदांशी जुळवा. रिकाम्या पिस्तुलाचा घोडा (मागचा हातोडा) चढवून सेफ्टी लावा आणि चाप ओढा. काहीही हललं तर नको. वॉल्थरसारख्या पिस्तुलात सेफ्टी लावताच घोडा आपोआप खाली पडतो. ती सोय नवीन असताना सुरक्षित होती. झिजलेल्या नगात भरलेल्या चेंबरवर ती कधीही वापरू नका.

जुन्या पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) अडवणारी यंत्रणा बहुधा नसते, असली तर झिजलेली असते. म्हणून चेंबर रिकामं आणि मॅगझिन भरलेलं, असंच ते बाळगायचं. त्याने दोन सेकंद जातात, हे खरं. पण पडलेल्या हत्यारातून सुटलेली गोळी परत घेता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी घुसली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटल्याचं त्याच्या व्यवस्थापकाने सांगितलं होतं. पिस्तूल असो वा रिव्हॉल्व्हर, धडा एकच.

रिम लॉक: ज्याचं नावही कुणी ऐकलेलं नसतं

०.३२ पिस्तुलाच्या तक्रारींत डोकं सर्वांत जास्त खाणारी ही तक्रार. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने ०.३२ एसीपी काडतूस १८९९ च्या सुमारास बनवलं तेव्हा त्याच्या बुडाला थोडी बाहेर आलेली कड ठेवली. पुंगळीपेक्षा (काडतुसाच्या धातूच्या कवचापेक्षा) ती चहूबाजूंनी साधारण पाव मिलिमीटर बाहेर असते. एवढीशी कड, पण मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली की स्लाइड कितीही जोर लावो, वरचं काडतूस पुढे सरकत नाही.

एका सराफाचं वॉल्थर पीपी असंच होतं. रेंजवर तिसऱ्या-चौथ्या गोळीला हमखास अडकायचं. त्याने गनस्मिथकडे दिलं, गनस्मिथने फीड रॅम्पला (काडतूस ज्यावरून चेंबरमध्ये चढतं त्या उताराला) पॉलिश मारलं. तरी अडकलं. मग एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) घासला. मग ‘स्लाइड जड आहे’ म्हणून रिकॉइल स्प्रिंगचे (स्लाइड परत पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचे) दोन वेटोळे कापले. आता अडकायचं ते अडकायचंच, वर स्लाइड फ्रेमवर धाडकन आपटू लागली. शेवटी क्लबच्या एका जुन्या प्रशिक्षकाने मॅगझिन बाहेर काढून उजेडात धरलं तर दुसरं आणि तिसरं काडतूस एकमेकांत गुंतलेली. दोष भरण्यात होता. सराफ घाईघाईने गोळ्या कोंबायचा आणि भरलेलं मॅगझिन तोंड खाली करून खिशात टाकायचा. पिस्तुलाचा काडीचा दोष नव्हता, पण घासलेला एक्स्ट्रॅक्टर आणि कापलेली स्प्रिंग आता कोण आणून देणार?

उपाय साधा आहे. प्रत्येक काडतूस पार मागच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवा. मॅगझिनचा तिरकेपणाच मग वरच्या कडेला खालच्या कडेपुढे ठेवतो. भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा आपटा. काडतूस जितकं आखूड, तितकी त्याला पुढे-मागे सरकायला जागा आणि तितका धोका जास्त, म्हणून गोल टोकाची पूर्ण लांबीची ७१ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) काडतुसंच वापरा. आपल्याकडे ती खडकीच्या कारखान्याची सहज मिळतात, बुडावर केएफ असा शिक्का असतो. तरी अडकलंच तर स्लाइड खेचत बसू नका, त्याने उलट गुंता पक्का होतो. मॅगझिन काढा, खालची काडतुसं बांबूच्या काडीने दाबून वरचं मोकळं करा. लोखंडी खिळा टोपीजवळ (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागाजवळ) नेऊ नका.

आणि हो, ही ०.३२ पिस्तुलं बहुधा ब्लोबॅक असतात, म्हणजे गोळी सुटताना त्यांची नळी स्लाइडशी लॉक होत नसते. स्लाइडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग हीच काय ती अडसर. ज्याने स्प्रिंग कापली त्याला पुन्हा काम देऊ नका.

न झाडलेलं पिस्तूल

पिस्तूल घेतलं, पूजा केली, कपाटात ठेवलं. असे निम्मे मालक आहेत. काडतुसांचा कोटा परवान्यावर ठरलेला असतो हे मान्य, काही ठिकाणी नवीन घेताना रिकाम्या पुंगळ्याही दाखवाव्या लागतात. तरी चाचणीला काटकसर करू नका. दोन मॅगझिन घ्या, प्रत्येक आठ गोळ्यांचं असेल तर प्रत्येक तीनदा पूर्ण रिकामं करा. ४८ गोळ्या होतात. मॅगझिनवर रंगाने १ आणि २ लिहा. अडचण कायम २ लाच येत असेल तर दोष मॅगझिनच्या ओठांत किंवा स्प्रिंगमध्ये आहे, पिस्तुलात नाही.

अडकण्याचे प्रकारही ओळखायला शिका. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी राहिली तर बहुधा मनगट ढिलं आहे किंवा एक्स्ट्रॅक्टर कमजोर. गोळीचं नाक खाली घुसलं तर मॅगझिन. चाप ओढूनही गोळी न सुटल्यास नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग काडतूस काढून टोपीवरचा खड्डा बघा. खड्डा उथळ असेल तर घोड्याची स्प्रिंग मेली आहे किंवा पिनच्या भोकात तेलाचा चिखल साचलाय. खड्डा खोल असूनही फुटलं नाही तर काडतूस ओलसर किंवा जुनं.

तेल, चामडं, पाऊस

खोबरेल तेल लावू नका. २४ अंशांखाली ते थिजतं, आणि नाशिककडच्या जानेवारीतल्या सकाळी तुमचं स्लाइड मेणात बुडाल्यासारखं चालेल. गन ऑइलचे दोन-तीन थेंब स्लाइडच्या खाचांत पुरतात. काडतुसांना अजिबात तेल नको, ते टोपीत झिरपतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्येच (कमरेच्या म्यानातच) ठेवणारे पुष्कळ. चामडं ओल धरून ठेवतं, वर कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात. गणपतीपर्यंत स्लाइडवर नारिंगी ठिपके दिसतात. होल्स्टर फक्त बाळगताना. ठेवताना पुसून, कुलूपबंद पेटीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत.

होल्स्टरशिवाय पँटमध्ये खोचणं यावर बोलण्यासारखं काही नाही. चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकणारा होल्स्टर नसेल तर पिस्तूल घरी ठेवा.

कागदांबाबत दोनच गोष्टी. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर पिस्तूल घेऊन गोव्याला किंवा बेळगावला जाता येत नाही, वैधतेचं क्षेत्र आधी वाचा. आणि ज्या बॅगेतून काडतुसं नेता तीच बॅग विमानप्रवासाला वापरू नका. तळाच्या शिवणीत गेलेलं एक काडतूस विमानतळावर सीआयएसएफच्या एक्स-रेवर लख्ख दिसतं आणि विमान तुमच्याशिवाय उडतं.