माजघरातला कवडसा कसा मापावा

मंगळुरी कौलांच्या घरात कुठे ना कुठे एक बारीक फट असतेच. गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या जुन्या घरांत दुपारी त्या फटीतून माजघराच्या जमिनीवर कवडसा पडतो. फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोलच, कारण ती जमिनीवर उमटलेली सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात सकाळी हेच कवडसे गोव्यात कोरीसारखे झाले होते.

दिवाळीनंतर आभाळ मोकळे झाले की सुरुवात करावी. सामान थोडेच: खडू, मोजपट्टी, पुठ्ठा, ओळंबा, वही. अकरा ते एकच्या दरम्यान दारे-खिडक्या लोटून घेतल्या की कवडसा ठळक दिसतो. उदबत्तीचा धूर सोडला तर कौलापासून जमिनीपर्यंतची तिरीपही डोळ्यांना दिसते. फटीला डोळा लावून सूर्याकडे मात्र कधीच बघू नये.

आधी माप. पुठ्ठा तिरिपीला काटकोनात, जमिनीलगत धरावा. जमिनीवरच मोजले तर कवडसा लांबट भरतो. पुठ्ठ्यावरच्या गोलाचा व्यास गुणिले १०८ केले की तिरिपीच्या रेषेत फट किती दूर आहे ते कळते. ३ सेंमीचा गोल म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास. उत्तर फारच मोठे आले तर फट रुंद आहे असे समजावे. फट सेंटीमीटरभर असेल तर तिची रुंदी व्यासात मिसळते, ती वजा करावी.

मग दर दहा मिनिटांनी कवडशाच्या मध्यावर खडूची खूण. फट ३ मीटर उंच असेल तर दोन खुणांत भर दुपारी १२ ते १५ सेंमी अंतर पडते. लाल कोब्यावर खडू छान उठतो, पण लादी पुसली की गेला. टिकवायच्या खुणेला नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बारीक खडा दाबून बसवावा.

खरी गंमत महिन्यांची. ओळंबा सोडून फटीच्या बरोबर खालची जागा आधी पक्की करावी. २१ डिसेंबरला ऐन मध्यान्ही, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतो तेव्हा, कवडसा त्या जागेच्या उत्तरेला जवळजवळ २.४ मीटरवर असतो (उंची तीच धरली तर). पुढे तो रोज थोडा थोडा आत सरकतो आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, साडेबाराच्या सुमारास, थेट ओळंब्याखाली येतो. त्या दिवशी अंगणातल्या तुळशीवृंदावनाची सावलीही पायाशी गोळा होते. त्यानंतर ऑगस्टपर्यंत मध्यान्हीचा सूर्य गोव्याच्या उत्तरेला असतो, पण जूनपासून पावसाळा. मग चुकून ऊन पडले तरच कवडसा दक्षिणेला दिसतो.

रोज घड्याळाच्या एकाच वेळी खूण केली तर खुणा सरळ रेषेत येत नाहीत. इथे पुष्कळांना वाटते आपले चुकले. चुकलेले नसते: गोव्यात मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ च्या आसपास होते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९ ला. वर्षभराच्या खुणांतून इंग्रजी आठचा लांबुळका आकडा तयार होतो.

बिघाड बहुतेक वेळा छपरावर असतो. माकडे नाचली, वारा सुटला की कौल सरकते, आणि बोटभर सरकलेले कौल सगळ्या खुणा फुकट घालवते. म्हणून दर आठवड्याला ओळंबा पुन्हा सोडून बघावा. मेमध्ये शाकारणी (पावसाळ्यापूर्वी कौले नीट बसवणे) होते तेव्हा फट बुजवायलाच हवी. पाणी झिरपले तर रिपा कुजतात. तिच्या जागी काचेचे कौल बसवून आतून काळा पुठ्ठा लावावा आणि त्याला ५ मिमीचे भोक पाडावे. पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये दक्षिणेकडच्या खिडकीला असाच पुठ्ठा चालतो, मात्र मध्यान्हीचे ऊन तिथे ऑक्टोबर ते मार्चच नीट येते. काचेऐवजी शिंपले बसवलेल्या जुन्या खिडकीतून कवडसा पडत नाही, शिंपला उजेड पसरवून दुधाळ करतो. त्यासाठी एखादा शिंपला काढू नये. तो दुधाळ उजेड कोणत्या भिंतीवर किती वाजता पोचतो, त्याची वेगळी नोंद वहीच्या मागच्या पानांवर ठेवावी.